बाहेरचा दोष

दिवाळीत आमच्या घरी पाच पाट मांडले जातात आणि त्यांतला एक रिकामा राहतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई सगळ्यांच्या आधी उठते, उटणे कालवते, पाट ओळीने मांडते आणि प्रत्येकाभोवती रांगोळीची रेघ ओढते. पाचवा पाट माझ्या धाकट्या भावाचा. तो येणार नाही हे तिला ठाऊक असते, तरी ती मांडते. "पाट मांडला की माणूस असेल तिथे त्याची अंघोळ होते," असे तिचे शास्त्र आहे. ह्या शास्त्राला आधार कोणता, हे विचारण्याची हिंमत आमच्या घरात कोणाला नाही.

धाकटा रिले तपासतो. ह्या एका वाक्याने वाचकांच्या मनात काहीच उभे राहणार नाही, हे मला माहीत आहे. कारण पुष्कळ वर्षे माझ्याही मनात काही उभे राहत नसे. गावात कोणी विचारले, "धाकटे बंधू काय करतात?" तर मी "इलेक्ट्रिकमध्ये आहे" एवढे सांगून वेळ मारून नेत असे. विचारणारा समजे, पंखे-बिंखे दुरुस्त करत असेल. आणि मी त्याची समजूत दुरुस्त करत नसे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. शाळा सुटल्यावर कादंबऱ्या लिहितो. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता.

तो दिवाळीला का येत नाही, ह्याचे कारण मात्र साधे आहे. कारखाने वर्षभर चालतात. वीज बंद ठेवून पॅनेले उघडायला मालक वर्षातून जे चार दिवस देतो, ते दिवाळीचे. कामगार घरी गेले, भट्ट्या विझल्या, की मग धाकट्याच्या मंडळींचा हंगाम सुरू होतो.

गेल्या दिवाळीत आईने बेत बदलला. "तो येत नाही ना, मग तू जा," ती म्हणाली, आणि फराळाचा डबा माझ्या हातात ठेवला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी कऱ्हाडहून निघालो. खरे सांगायचे तर घराबाहेर पडायला मला निमित्त हवेच होते. सुट्टी लागण्याच्या आधी शाळेत एक प्रकार घडला होता आणि तो मनातून जात नव्हता. त्याबद्दल पुढे सांगेन.

कोल्हापूरच्या अलीकडे शिरोलीला उतरलो. औद्योगिक वसाहतीत एरवी पाऊल टाकले की कानठळ्या बसतात. त्या दिवशी सगळीकडे इतकी शांतता होती, की माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटू लागला. धाकटा एका फौंड्रीत होता. तिथे नवा ट्रान्सफॉर्मर बसवला होता आणि त्याच्या बरोबरीने नवी पॅनेले. खोलीत गेलो तर राखाडी रंगाची लोखंडी कपाटे ओळीने उभी, खाली रबराची जाड चटई, नव्या रंगाचा वास, आणि चटईवर मांडी घालून बसलेला आमचा धाकटा. पुढ्यात सूटकेसएवढी एक पेटी उघडी होती. तिच्यातून निघालेल्या रंगीत वायरी कपाटाच्या पोटात गेल्या होत्या. दवाखान्यात रोग्याला लावतात तशा.

"दादा, तू?" तो म्हणाला, आणि हात पुसून आधी चकली उचलली.

मग चकली खाता खाता त्याने मला त्याचा धंदा समजावून दिला. वीस वर्षांत मी तो प्रथमच विचारला होता, ह्याची त्याने आठवण करून दिली नाही, हा त्याचा मोठेपणा.

विजेच्या वाटेत कुठे शॉर्ट झाला, म्हणजे जिथून जाऊ नये तिथून वीज गेली, तर प्रवाह एका क्षणात नेहमीच्या दहापट, वीसपट होतो. तो वेळीच तोडला नाही तर तांबे वितळते, तेल पेटते, जवळचा माणूस भाजतो. तोडण्याचे काम ब्रेकर करतो. तो दांडगा गडी आहे, पण त्याला डोळे नाहीत. डोळे म्हणजे रिले. पूर्वी ह्या रिलेत आपल्या घरच्या मीटरसारखी एक तबकडी फिरत असे. आता आत सगळे इलेक्ट्रॉनिक असते. तीनशे ॲम्पिअरचा प्रवाह थेट रिलेत सोडला तर तो बिचारा जळून जाईल, म्हणून वाटेत सीटी नावाची कडी बसवलेली असते. ती तीनशेचा एक करून रिलेला दाखवते. रिले त्या एकावरून तीनशेचा अंदाज घेतो आणि वेळ आली की ब्रेकरला सांगतो, "तोड!"

"आणि ज्या विजेवर हा पहारा करतो, तिच्यावर हा जगत नाही," धाकटा म्हणाला. त्याने शेजारची खोली दाखवली. तिथे दोन दोन व्होल्टचे पंचावन्न सेल रांगेने मांडलेले होते. सगळे मिळून ११० व्होल्ट. फॉल्ट झाला की मुख्य विजेचा जोर तिथल्या तिथे ढासळतो. पहारेकरी त्याच विजेवर पोसला असेल तर नेमक्या वेळी तो मूर्च्छित पडेल. म्हणून त्याची शिदोरी वेगळी.

हे ऐकून मला बरे वाटले. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याचे अन्न खाऊ नये, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. पाळतात किती, तो भाग वेगळा.

पण हे सगळे बरोबर चालते हे कळावे कसे? खरा फॉल्ट होण्याची वाट तर पाहता येत नाही. म्हणून धाकटा त्याला खोटा फॉल्ट दाखवतो. त्या सूटकेशीतून तो मोजून प्रवाह सोडतो आणि रिलेला किती वेळ लागला ते घड्याळावर पाहतो. माझ्यासमोर त्याने नेमलेल्या मर्यादेच्या दुप्पट प्रवाह सोडला. रिलेने एक सेकंद वाट पाहिली आणि मग हुकूम दिला. दसपट सोडला, तेव्हा सेकंदाच्या तीन दशांशांतच दिला.

"संकट लहान तर सवड जास्त, संकट मोठे तर सवड कमी," तो म्हणाला. "मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहापट करंट घेते. तेवढ्यावर हा बिथरला, तर कारखाना चालायचाच नाही."

शिवाय ह्या पहारेकऱ्यांची एक उतरंड असते. भट्टीच्या वाटेवर फॉल्ट झाला तर भट्टीचा रिले आधी तोडणार. त्याच्या वरचा रिले सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा थांबून पाहणार. खालच्याने काम केले तर आपण गप्प. त्याच्याही वरचा आणखी तेवढाच थांबणार. मला आमच्या आजीची आठवण झाली. नातवंडांची भांडणे लागली की ती माजघरात जपमाळ ओढत बसून राही. आमची आई उठते का, हे ती पाहत असे. आई उठली नाही तरच आजीचा आवाज येई. आणि तो आला म्हणजे सगळे घर गप्प होई.

दुपारनंतर धाकटा ट्रान्सफॉर्मरकडे वळला. बाहेरून ३३ हजार व्होल्ट आत येतात, ११ हजार होऊन बाहेर पडतात. दाब तिपटीने उतरला की प्रवाह तिपटीने चढतो. म्हणून एका बाजूची सीटी शंभराचा एक करणारी आणि दुसऱ्या बाजूची तीनशेचा एक करणारी. दोन्हीकडचे आकडे रिलेपाशी सारखे पोचतात, आणि तो फक्त एकच पाहतो: आत गेले तेवढे बाहेर आले का? जमा आणि खर्च जुळले तर तो स्वस्थ बसतो. तूट दिसली तर ट्रान्सफॉर्मरच्या पोटातच काहीतरी बिघडले असे समजून तो एका क्षणाचाही उशीर न करता तोडतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हा हिशेब मला चटकन समजला.

"पण आतला दोष पकडणे सोपे असते रे," धाकटा म्हणाला. "कठीण काय? फॉल्ट बाहेर कुठेतरी झालेला असतो आणि त्याचा सगळा करंट ह्या ट्रान्सफॉर्मरमधून जात असतो. ट्रान्सफॉर्मर हुंकारतो, थरथरतो. बघणाऱ्याला वाटते, ह्याच्यातच बिघाड आहे. पण तो बिचारा निर्दोष असतो. दुसऱ्याचे दुखणे त्याच्यातून वाहत असते. तेव्हा रिलेने हलता कामा नये. आम्ही ह्याला स्टॅबिलिटी म्हणतो. माझी शेवटची टेस्ट तीच."

त्याने हे सहज सांगितले आणि पकड उचलून तो कामाला लागला. मी मात्र तिथेच उभा राहिलो. शाळेतला तो प्रकार मला आठवला.

सातवीतला एक मुलगा. एरवी शांत. सहामाहीच्या आधी त्याने शेजारच्याची वही फाडली, आणि मी जाब विचारला तेव्हा मला उलट उत्तर दिले. सगळ्या वर्गासमोर. मी त्याला बाहेर काढले आणि म्हटले, "वडिलांना घेऊन आल्याशिवाय पुन्हा वर्गात पाऊल टाकू नकोस." तो गेला, तो आलाच नाही. आठ दिवसांनी शिपायाकडून कळले, की त्याचे वडील महिनाभर अंथरुणाला खिळले आहेत आणि पैशांसाठी रोज कोणी ना कोणी दाराशी येऊन ओरडून जातो. ज्याला उठून बसता येत नाही अशा बापाला मी शाळेत बोलावले होते. हे समजल्यावरही मी त्याच्या घरी गेलो नाही. मास्तरला असे जाणे फार जड जाते.

साडेपाचच्या सुमारास मालक आले. धोतर, जरीची टोपी, हातात नारळ. मुहूर्त साडेसहाचा होता. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर ट्रान्सफॉर्मर चार्ज करायचा, असे त्यांनी पाहुण्यांना सांगून ठेवले होते.

"साहेब, झाले ना सगळे?" त्यांनी विचारले.

"एक टेस्ट राहिली आहे. तीन तास लागतील."

"ती पाडव्यानंतर करा की! कागदावर सही करून टाका, नारळ फोडू, तुम्हीही घरी जा. तुमचे बंधू आले आहेत."

"टेस्ट झाल्याशिवाय सही होणार नाही, मालक."

मालकांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते काही वाईट मनुष्य नव्हते. पण चार लोकांत शब्द खाली पडला की चांगला माणूसही तापतो. मला वाटले, मध्ये पडावे. मी म्हटले, "अरे, सणाचा दिवस आहे. एवढी एक टेस्ट दोन दिवसांनी केलीस तर काय बिघडते?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिले. "दादा, तू पेपर न वाचता मार्क देतोस?"

मी काही बोललो नाही. रात्री उशिरा, डोळे मिटत असताना, शेवटच्या दहा पेपरांचे मी काय करतो, ते त्या पेपरांना आणि मला ठाऊक आहे. मालक नारळ घेऊन निघून गेले. त्यांची लक्ष्मी त्या दिवशी जुन्याच विजेवर पुजली गेली.

टेस्ट सुरू झाली. ट्रान्सफॉर्मरच्या ११ हजारांच्या बाजूचे तिन्ही फेज तांब्याच्या पट्टीने एकत्र जोडले, आणि ३३ हजारांच्या बाजूला नुसती ४१५ व्होल्टची कारखान्यातली वीज दिली. एवढ्याशा दाबाने सोळाएक ॲम्पिअर प्रवाह आत गेला आणि तिप्पट होऊन बाहेर पडला. म्हणजे बाहेरच्या फॉल्टचे हे लहानसे सोंग. रिलेच्या काचेवर दोन्ही बाजूंचे आकडे आले: ०.१६ आणि ०.१६. आता त्यांचा फरक शून्याजवळ हवा.

फरकाच्या जागी आकडा होता ०.३१.

धाकटा काही बोलला नाही. त्याने नकाशा मागवला, बॅटरी घेतली आणि कपाटात डोके घातले. अर्ध्या तासाने बाहेर आला. एका बाजूच्या सीटी नकाशात दाखवल्या होत्या त्याच्या उलट तोंडाने बसल्या होत्या. त्यामुळे रिले वजाबाकी करायच्या ठिकाणी बेरीज करत होता. जमेच्या पानावरचा आकडा खर्चाच्या पानावर लिहावा, तसे. त्याने वायरींच्या जागा बदलल्या, पुन्हा वीज दिली. फरक ०.०० वर आला, मधूनच ०.०१ दाखवी. मग सूटकेशीतून एकाच बाजूला प्रवाह सोडून त्याने आतल्या दोषाचेही सोंग घेतले. पलीकडच्या कपाटात ब्रेकर एवढ्या जोराने "धाड" करून सुटला, की मी लाडूचा तुकडा खाली टाकला.

"आणि तसेच चार्ज केले असते तर?" मी विचारले.

"आज काहीच झाले नसते. लोड नाही, तर आकडेच नाहीत. नारळ फुटला असता, पेढे वाटले असते. पाडव्यानंतर भट्टी लावली असती, की लोड आल्याबरोबर रिलेने तोडले असते. पुन्हा चढवले, पुन्हा तोडले. भट्टीतले लोखंड थिजायला लागले असते."

"म्हणजे वीज गेली असती, एवढेच ना?"

तो पकडी पुसत बसला. मग त्याने मला दोन मोठ्या गोष्टी सांगितल्या आणि एक लहान.

पहिली अमेरिकेची. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी ५ वाजून १६ मिनिटांनी कॅनडातल्या सर ॲडम बेक वीजकेंद्राच्या एका वाहिनीवरच्या रिलेने ती वाहिनी तोडली. फॉल्ट कुठेही नव्हता. रिलेची मर्यादा १९६३ साली लावलेली होती. नंतर विजेची मागणी वाढली आणि त्या संध्याकाळी प्रवाह त्या मर्यादेच्या वर गेला. एक वाहिनी गेली, तिचा भार उरलेल्या चौघींवर पडला, त्याही गेल्या. न्यूयॉर्कसह जवळजवळ ३ कोटी माणसे अंधारात बसली. काही ठिकाणी तेरा तास. रिलेने त्याला सांगितले तेच केले होते. सांगणारे मात्र, आपण काय सांगून ठेवले, हे विसरले होते.

दुसरी आपलीच. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना ते ग्वाल्हेर ह्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरचा रिले नुसत्या जास्त भारालाच फॉल्ट समजला. उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले आणि ६० कोटींहून अधिक लोकांच्या मुलखातली वीज गेली.

तिसरी गोष्ट सांगताना त्याचा आवाज खाली आला. सात वर्षांपूर्वीची. एका कारखान्यात असाच एक रिले उगीचच तोडत असे. दोष कुठे आहे हे शोधायला कोणाला सवड नव्हती. उत्पादन थांबत होते. म्हणून कोणीतरी त्याची ट्रिपची वायर काढून ठेवली. उगीच भुंकणाऱ्या कुत्र्याला बांधून टाकावे तशी. चार महिन्यांनी खरा फॉल्ट झाला. रिलेला दिसला, पण त्याचा हुकूम ब्रेकरपर्यंत पोचलाच नाही. पॅनेलसमोर एक वायरमन उभा होता. धाकट्याच्या बरोबरीचा, त्याच्याच डब्यातले जेवणारा.

"अकरा दिवस मी त्याच्याजवळ होतो," तो म्हणाला. "बाराव्या दिवशी गरज उरली नाही. दिवाळीचेच दिवस होते. आईला मी काम निघाले म्हणून कळवले होते."

सात वर्षे आमच्या घरात कोणाला हे ठाऊक नव्हते. त्या वर्षी मी त्याला एक रागाचे पत्र लिहिले होते, तेही मला आठवले. आईला वाईट वाटते, तुला घराची ओढ नाही, वगैरे. त्याने उत्तर पाठवले नव्हते. त्याच्यातून काय वाहत होते, हे मी पाहिले नव्हते. मी नुसते तोडले होते.

रात्री नऊ वाजता मालक परत आले. धाकट्याने त्यांना नकाशा दाखवला, काय झाले असते ते सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, "साहेब, नारळ तुम्हीच फोडा." दहाला पाच मिनिटे कमी असताना ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला. एक खोल, संथ हुंकार सुरू झाला; बाकी काहीच घडले नाही. माझ्या कादंबरीत काही घडले नाही तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. धाकट्याने मात्र ह्या काही न घडण्याकडे पाच मिनिटे कौतुकाने पाहिले आणि मग कागदावर सही केली.

त्याच्या मोटरसायकलवरून आम्ही रात्रीच कऱ्हाडला आलो. पाडव्याच्या पहाटे आईने त्याच्या पाटाभोवती पुन्हा रांगोळी काढली. पण हा गृहस्थ अंघोळीआधी गेला मीटरच्या फळीपाशी. तिथे मुख्य खटक्याशेजारी एक छोटे बटण आहे. घर बांधल्यापासून कोणी हात लावला नव्हता. त्याने ते दाबले मात्र, सगळे घर अंधारात गेले. आकाशकंदील विझला, माळा विझल्या. अंगणातल्या पणत्या तेवढ्या तेवत राहिल्या.

"अरे, सणासुदीला हे काय!" आई ओरडली.

"आई, हा तुझा राखणदार. जागा आहे का पाहिले," तो म्हणाला, आणि खटका वर केला. मग त्याने समजावले, की हे यंत्र कारखान्यातल्या त्या मोठ्या रिलेचे धाकटे भावंड आहे. एका तारेने घरात गेलेली वीज दुसऱ्या तारेने पूर्ण परत आली का, एवढेच ते पाहते. ३० मिलिॲम्पिअर, म्हणजे एका ॲम्पिअरच्या शंभर हिश्श्यांतले तीन हिस्से जरी कमी आले, तरी ती वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असेल असे समजून ते तोडते. "बटण महिन्यातून एकदा दाबत जा. दाबूनही वीज गेली नाही तर मला कळव, आणि तोवर माळांना हात लावू नका."

वाचकांच्या फळीवरही असे बटण असेल. ह्या दिवाळीत माळा लावण्यापूर्वी ते एकदा दाबून पाहावे. नसेल, तर फटाक्यांच्या खर्चातून ते आधी बसवावे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाचा एक डबा घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडले. मला पाहून तो मागे सरकला. आतून त्याच्या वडिलांनी क्षीण आवाजात विचारले, "कोण आहे रे?"

"मास्तर आलेत," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहत अगदी हळू आवाजात त्याने विचारले, "मी वडिलांना कसे आणू, सर?"

"मीच आलो आहे ना त्यांच्याकडे," मी म्हटले. "शाळा उघडली की तू ये."

तो आला. ह्या वर्षी तो आठवीत आहे. मधून मधून अजूनही बिथरतो. तो असा बिथरला की मी लगेच उठत नाही. आजीसारखा थोडा वेळ बसून राहतो, आणि हे दुखणे त्याचे आहे की नुसते त्याच्यातून वाहते आहे, ते पाहतो.

आणि शेवटचे दहा पेपरही वाचतो.